टेक म्हणजे घेणे? मग क्विझ नक्की कोण घेतं?

शब्दहमाल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही वैतागून.

पोटापाण्यासाठी मी ॲपचं मराठीकरण करते. इंग्रजी बटणं, सूचना, इशारे यांचं मराठी करायचं, शब्दामागे पैसे. सध्या मुलांना गणित शिकवणाऱ्या एका ॲपचं काम आलंय. सोबत शब्दसूची आली आहे, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, एकाला एक. त्यात 'टेक'समोर 'घेणे'. बास. सूचीबाहेर गेलं की सॉफ्टवेअर पिवळी पट्टी दाखवतं आणि तपासणारा गुण कापतो.

परवा 'टेक द क्विझ' आलं. मी 'क्विझ सोडवा' लिहिलं. परत आलं, शेरा: 'सूचीप्रमाणे घेणे वापरा.' म्हणजे 'क्विझ घ्या'. सहावीतलं पोर वाचून विचारेल, कुणाची घेऊ?

मग 'धिस टेक्स टेन मिनिट्स'. सूचीप्रमाणे 'हे दहा मिनिटे घेते'. इथे मी उठून चहा करायला गेले.

रांगेत अजून आहेत: टेक अ फोटो, टेक टर्न्स, टेक अवे, टेक केअर, टेक युवर टाइम. तपासणाऱ्याला एक सविस्तर पत्र लिहायचं ठरवलंय. घेणे कुठे बसतं, कुठे बसत नाही, आणि तिथे आपण काय म्हणतो, ते उदाहरणांसकट हवंय. समानार्थी शब्दांची यादी कृपया नको. स्वीकारणे, ग्रहण करणे, प्राप्त करणे हे मलाही माहीत आहे आणि त्यातलं काहीही बटणावर शोभत नाही.

निवृत्त_बाई

३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. टेक-टुक-टेकन किती पोरांकडून घोकून घेतलं त्याची गणती नाही. तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

मराठीत परीक्षा दोघांत होते. मास्तर घेतो, मूल देतं. इंग्रजीत मूलच घेतं आणि मास्तर देतो. बरोब्बर उलटं. दर वर्षी वर्गात कोणीतरी 'आय गेव्ह माय एक्झाम' लिहायचं आणि मी लाल शाई ओढायचे. आता नातू अमेरिकेतून फोनवर सांगतो, 'आजी, मी आज टेस्ट घेतली.' मी विचारलं, किती जणांना नापास केलंस? त्याला विनोद कळला नाही. मुलगी मात्र पलीकडून हसली.

क्लासची तर आणखी गंमत. आमच्या सोसायटीत एक मुलगी नवीन राहायला आली. लिफ्टमध्ये म्हणाली, 'मी शनिवारी कथकचा क्लास घेते.' मी दुसऱ्या शनिवारी पुतणीच्या लेकीला तयार करून, पाकिटात फी घालून तिच्या दारात. ती बिचारी पायात चाळ बांधून बाहेर निघालेली, स्वतःच्या गुरूंकडे. मराठीत क्लास घेते म्हणजे शिकवते, आणि शिकते ती क्लासला जाते. ती मराठीच, पण तिचं 'घेणं' इंग्रजीतलं होतं.

आणि 'टेक अवे' वजाबाकीतलं असेल तर ते घेऊन जाऊ नका हो. आपण म्हणतो, 'पाचातून दोन गेले, राहिले किती?' आपल्याकडे आकडे आपल्या पायांनी जातात, कोणी उचलून न्यावं लागत नाही. पुढच्या इयत्तांना 'वजा करा'.

उंटावरचा_शहाणा

पैसे घ्या आणि सूची पाळा. भाषा बदलत असते. 'बस घेतली' आज निम्मं पुणं म्हणतं. १० वर्षांनी 'क्विझ घ्या'ही कोणाला खटकणार नाही.

शब्दहमाल (धागाकर्ती)

@उंटावरचा_शहाणा, पैसे घेतेच आहे. पण 'बस घेतली' म्हटलं की मला अजून कोणीतरी ट्रॅव्हल कंपनी काढल्यासारखं वाटतं. आमच्याकडे विकत घेतलं हे सांगायला 'विकत' लागतच नाही. फ्लॅट घेतला, गाडी घेतली, अर्धा किलो भेंडी घेतली. म्हणून बस आपण पकडतो, नाहीतर बसने जातो. आणि रिक्षा? रिक्षा तर आपण करतो! 'पाय दुखत होते म्हणून रिक्षा केली.' हे इंग्रजीत सांगून बघा.

अळूवडी

फोटो काढतात. डुलकी काढतात. चपला काढतात. धावा काढतात. सहल काढतात. 'टेक'चा निम्मा संसार मराठीत 'काढणे'कडे आहे. 'फोटो घ्या' चुकीचं नाही, पण माझी आई ते ऐकून फोटो हातात देईल.

तिहाई

गाण्यात मात्र घेणे पाहिजेच. तान घेतात, आलाप घेतात, जागा घेतात. सूर मात्र लावतात, ताल धरतात आणि समेवर येतात. तालमीत 'परत घेऊ' म्हटलं की सगळ्यांना कळतं कुठून. एखादी जागा रंगली आणि श्रोत्यांनी दाद दिली की म्हणतो, 'त्या तिहाईला टाळी घेतली त्याने.' (तिहाई म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणलेला तुकडा.) टाळी प्रेक्षक देतात, पण घेणारा ती खेचून नेतो, हे त्या शब्दात आहे. नाटकवाल्यांचंही तेच, वाक्यावर टाळी घेणे, एंट्री घेणे. शूटिंगवाल्यांनी तर 'टेक' हा शब्दच घेऊन टाकला. दुसऱ्या टेकला बरं झालं, तिसऱ्याला वाट लागली.

डाळिंबवाला

नमस्कार, सांगोल्याहून. ताई, तुमच्या तपासणाऱ्याला आमच्या बागेत पाठवा. आमचं सगळं घेण्यावरच चाललंय.

पीक घेतो. आंतरपीक घेतो. ऊसवाले खोडवा घेतात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक. फवारणी घेतो. हे ऐकून आमचा एक शहरातला पाव्हणा बुचकळ्यात पडला, म्हणाला, फवारणी झाड घेतं का तू घेतोस? म्हटलं, पंप माझ्या पाठीवर आहे तर मीच घेतो की.

पण बहार बघा, म्हणजे झाडाला फुलोरा आणायचा हंगाम. डाळिंबाचे तीन बहार, आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. कोणी 'मृग घेतला' म्हणतो, पण जुनी माणसं 'धरला' म्हणतात. 'यंदा हस्त धरायचा का?' आधी बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, पानगळ करायची, छाटणी, खत, मग पहिलं पाणी सोडायचं आणि कळीची वाट बघायची. एवढं करूनही कळी आपल्या हातात नसती. म्हणून मला 'धरणे' पटतं. घेतलं म्हणजे हातात आलं. धरलं म्हणजे अजून निसटू शकतं.

चूकभूल देणे घेणे.

शब्दहमाल (धागाकर्ती)

@डाळिंबवाला, शेवटची चार वाक्यं जशीच्या तशी वापरू का पत्रात?

डाळिंबवाला

वापरा की. घ्या.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे शेत मक्त्यानं घेतात. आणि घेणं एकदा करून भागत नाही, दोनदा करतो: 'गाडी पसंत आली ना, मग घेऊन घे ना बाप्पा.' पुण्याची मावशी हसते. ती 'घेऊन टाक' म्हणते. मी म्हटलं मावशी, आत्ताच घेतली तर टाकायची कशाला?

निवृत्त_बाई

नागपुरी, तुम्ही नकळत खऱ्या जागी बोट ठेवलंत.

वर मी 'घोकून घेतलं' लिहिलं तिथे कोणाचं लक्ष गेलं का? घेणे हे क्रियापद स्वतः जेवढं काम करतं त्याहून जास्त दुसऱ्याच्या शेपटाला लागून करतं. जेव, जेवून घे, जेवून टाक, तिन्हींत भात तोच. पण 'जेवून घे' म्हणते ती आई घड्याळाकडे बघत असते, मग गाडी आहे, पाहुणे येणारेत, लाइट जाणार आहे. 'जेवून टाक' म्हणते ती ओटा आवरायला थांबलेली असते. हे 'घे' इंग्रजीत कुठे बसवाल? 'टेक'मध्ये तर नाहीच.

आणि घेतलेलं नेहमी चांगलंच असतं असंही नाही. बोट कापून घेतलं, हसं करून घेतलं, भांडण ओढवून घेतलं. फळ आपल्या पदरात, गोड असो की कडू.

पोथीवाचक

बाई, क्या बात है. यात एक जुना धागा आहे (माफ करा, दुसरा शब्द सुचेना).

संस्कृतात काही धातूंना दोन पदं असतात. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजते', पुरोहित दुसऱ्यासाठी करतो तेव्हा 'यजति'. क्रियेचं फळ कर्त्याला मिळणार असेल तर आत्मनेपद, हा पाणिनीचाच नियम. प्राकृतांत ही दोन पदांची व्यवस्था मोडत गेली. पण फळ कोणाला, हे सांगायची गरज थोडीच मोडते! मराठी तेच काम 'घे' आणि 'दे' लावून करते. 'अर्ज लिहून घेतला' आणि 'अर्ज लिहून दिला'. क्रिया एक, फळ वेगळ्या घरी.

आता खुद्द घेणे. मूळ धातू ग्रह्, गृह्णाति. पालीत गण्हाति, प्राकृतात गेण्हइ. मधला ह पुढे सरकून ग ला चिकटला आणि घे झाला. महाराष्ट्री प्राकृतात 'घेऊन'ला 'घेत्तूण' म्हणत. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत एक गाथा याच शब्दाने सुरू होते: एक मुलगी प्रियकरावर उधळायला मुठीत सुगंधी चूर्ण घेते, पण आनंदाने हात असा थरथरतो आणि घामेजतो की मुठीतच त्या चूर्णाचं सुगंधी पाणी होतं. घेतलं आणि हातातच विरघळलं. डाळिंबवाल्यांना पटायला हरकत नाही.

शेजारची मंडळी कुठे गेली तेही बघा. हिंदीचं लेना ग्रह् पासून नाही, लभ् पासून. त्याचं भावंड आपल्याकडे पसायदानात भेटतं, 'जो जे वांछील तो ते लाहो'. तेच लाहणे. ते आपण ओवीत ठेवलं आणि रोजच्या वापराला घेणे काढलं. बंगालीचं घेणे म्हणजे नेओया, ते नी पासून, म्हणजे आपल्या नेणेचं सख्खं. आणि घेणेची बहीण थेट श्रीलंकेत आहे, सिंहलीत गन्नवा म्हणजे घेणे.

मांडवीकाठ

पणजीहून देव बरें करूं.

कोंकणीत घेवप आहे, पण इंग्रजी 'टेक'चं ओझं आम्ही तिघांवर वाटतो. घेवप म्हणजे घेणे, व्हरप म्हणजे नेणे, हाडप म्हणजे आणणे. 'भुरग्याक इस्कोलांत व्हर', इथे घेवप वापरलं तर लोक तोंडाकडे बघत बसतील. मराठीतही 'मुलाला शाळेत घे' म्हटलं तर ॲडमिशन द्या असंच होतं ना? घे, ने आणि घेऊन जा यांतला फरक पत्रात जरूर घाला. इंग्रजीला एका हाताने जमतं ते आपल्याला जमत नाही आणि जमवायची गरजही नाही.

शब्दहमाल (धागाकर्ती)

घातला. खरं तर 'शाळेत सोड'च म्हणतो आपण. सकाळी सव्वासातला स्कूटरवर तेच चाललेलं असतं.

यॉर्कवासी

उशिरा आलो, पण हा विषय अक्षरशः माझ्या दारातला आहे. मी इंग्लंडमध्ये यॉर्कला राहतो.

ज्या 'टेक'वरून हे सगळं चाललंय तो मुळात इंग्रजीचा नाहीच. जुन्या इंग्रजीत घेण्याला 'निमन' होतं. जर्मनमध्ये आजही 'नेमन' आहे. मग नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग आले. ८६६ साली त्यांनी हे शहर घेतलं (गड घेणे या अर्थाने) आणि त्याचं नाव पडलं योर्विक. लुटालूट झाली, मग ते इथेच राहिले, शेती केली, इथल्या मुलींशी लग्नं केली. त्यांच्या भाषेत घेण्याला 'टाका' होतं. काही शतकं दोन्ही क्रियापदं शेजारी नांदली आणि शेवटी पाहुण्याने यजमानाला घराबाहेर काढलं. 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंही त्याच पाहुण्यांची. सर्वनाम उसनं घेणं म्हणजे शेजारणीकडून मीठ नाही, चूल आणण्यासारखं आहे.

मी रोज कॉपरगेट नावाच्या रस्त्याने जातो. पहिल्यांदा आलो तेव्हा गेट शोधत होतो. इथे 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे, व्हायकिंगांच्या भाषेत रस्ता. १९७० च्या दशकात त्याच रस्त्याखाली खोदकाम झालं तेव्हा त्यांची लाकडी घरं, चामड्याचे जोडे, अगदी विणलेला मोजासुद्धा निघाला. तो मोजा इथल्या संग्रहालयात आहे. 'टेक' ज्यांनी आणला त्यांतल्या एकाच्या पायात तो होता, असं मी मनाशी धरून चालतो.

बिचाऱ्या 'निमन'चं काय झालं? काही काळ चोरांच्या बोलीत 'निम' म्हणजे लांबवणे म्हणून जगला. आणि एक अवशेष अजून आहे: हातपाय बधिर झाले की इंग्रज 'नम' म्हणतो. मूळ अर्थ 'घेतलेला'. थंडीने घेतलेला हात. जानेवारीत इथे बसथांब्यावर उभं राहिलं की व्युत्पत्ती बोटांना कळते.

आणखी एक. 'टेक'च्या घराण्यातल्या गॉथिक भाषेत 'तेकन' म्हणजे घेणे नव्हतं, स्पर्श करणे होतं. आधी हात लागला, मग हातात आलं.

उंटावरचा_शहाणा

थांबा थांबा थांबा. स्पर्श करणे? टेकणे!! देवापुढे माथा टेकणे! जमिनीला पाय टेकणे! टेक म्हणजे टेकणे! शंभर टक्के मराठी! व्हायकिंग कोकणात उतरले होते हे मी आधीपासून सांगतोय.

पोथीवाचक

निव्वळ योगायोग. संस्कृतातला द जर्मन घराण्यात ट होतो. द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ. म्हणजे इंग्रजी 'टेक'ला आपल्याकडे खरा नातेवाईक असलाच तर तो द ने सुरू व्हायला हवा. ट ला ट जुळला की समजावं, नातं नाही, नुसतं नाव सारखं.

उंटावरचा_शहाणा

शब्द मागे घेतो. (बघा, हे इंग्रजीत 'टेक बॅक' आणि मराठीत 'मागे घेणे'. इथे तरी सूची बरोबर निघाली.)

अळूवडी

सगळे एवढे गंभीर झालेत आणि अजून कोणी नाव घेतलं नाही? नाव घेणे हो! जगातल्या कुठल्या भाषेत नवरीला उभं करून 'नाव घे' म्हणतात आणि ती चार ओळींचं यमक जुळवते? माझ्या लग्नात मी तीन तयार करून गेले होते. सासरच्या उंबऱ्यावर धान्याचं माप, समोर पंचवीस बायका आणि डोक्यात शून्य. शेवटी 'चहात घातलं आलं' एवढंच आठवलं आणि पुढे नवऱ्याचं नाव थेट. यमक जुळलं नाही पण घरात घेतलं.

आणि नावाचं बघा ना, नाव घेतलं की उखाणा, ठेवलं की बारसं, ठेवली की निंदा, काढलं की कीर्ती, लावलं की लग्न. बटणावर 'टेक द नेम' असं काही नाही ना गं?

निवृत्त_बाई

नाही म्हणून बरं. पण 'टेक केअर' आहे. तिथे 'काळजी घ्या' ठीकच, फक्त 'काळजी करा' होऊ देऊ नका. काळजी घेणारा औषध आणतो, काळजी करणारा रात्रभर छताकडे बघतो. तशीच दुसरी जोडी, मनावर घेणे आणि मनाला लावून घेणे. 'जरा मनावर घे' म्हणजे अभ्यासाला बस. 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणजे कमी गुण पडले तरी जेवून घे. इंग्रजी 'टेक टु हार्ट'मध्ये हे दोन्ही कोंबलेलं आहे.

माझ्याकडे पालक यायचे, म्हणायचे, 'बाई, जरा त्याची शाळा घ्या.' शाळेत येऊन शाळा घ्या म्हणायचं! म्हणजे रागवा. हजेरी घेणे, समाचार घेणे, फैलावर घेणे, झाडाझडती घेणे, रागावण्यासाठी आपण किती प्रकारे घेतो. त्यातही समाचार आजाऱ्याचाही घेतात आणि बेशिस्ताचाही. फिरकी मात्र प्रेमाने.

पोथीवाचक

बाई, ग्रह् चीच लेकरं सगळीकडे आहेत. गृहीत म्हणजे घेतलेलं. 'टेक फॉर ग्रँटेड'ला आपण 'गृहीत धरणे' म्हणतो, म्हणजे 'घेतलंच आहे असं धरणे'. सूर्याला राहू घेतो ते ग्रहण. लग्नातलं पाणिग्रहण म्हणजे हात हातात घेणं. आणि पंगतीतला आग्रहसुद्धा! वाढपी जिलबीचं ताट घेऊन 'घ्या हो, एक घ्याच' करतो, तेव्हा तो दोनदा तेच बोलत असतो, एकदा प्राकृतातून आणि एकदा संस्कृतातून.

तिहाई

अवांतर: 'तो घेतो का?' या प्रश्नाची दखल कोणीच घेतली नाही. लग्न जमवताना मुलाकडच्यांना हळू आवाजात विचारतात तो. कर्म सांगायची गरज नसलेलं हे मराठीतलं बहुधा सगळ्यात सभ्य वाक्य. 'चहा घेणार?' मोठ्याने विचारायचं, 'घेणार?' खुणेने.

नागपुरी_संत्रं

घेऊन घे ना बाप्पा.

शब्दहमाल (धागाकर्ती)

हसून डोळ्यात पाणी आलं. पत्र गेलं काल, आणि उत्तरही आलं. तुम्हा सगळ्यांमुळे पाच पानं झालं होतं. मी ते दोनवर आणलं, डाळिंबाचा परिच्छेद ठेवून.

निकाल असा. 'क्विझ सोडवा' मान्य. 'दहा मिनिटे लागतील' मान्य, 'लागणे' हे क्रियापद सूचीत नव्याने घालणार आहेत. (वेळ लागतो, पैसे लागतात, धीर लागतो. यंत्र काही घेत नाही, आपल्याला लागतं. हे मला पत्र लिहितानाच कळलं.) 'टेक टर्न्स'ला 'आळीपाळीने खेळा'. वजाबाकीत लहान मुलांसाठी 'गेले' ठेवलंय, बाई. मुलांचा आवाज रेकॉर्ड करणारी मुलगी म्हणाली, माझी आजी असंच म्हणायची.

फोटोवर हरले. 'फोटो घ्या'च राहिलं, कारण तोच शब्द फोनच्या कॅमेऱ्यात आहे म्हणे. काढणे सूचीत 'डिलीट'साठी आरक्षित आहे. 'फोटो काढा' वाचून मुलांनी फोटो उडवले तर काय, असं विचारलं तपासणाऱ्याने. खरं सांगू, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'काढणे'ने फोटो येतोही आणि जातोही, ही चूक सूचीची नाही.

आता एकच उरलंय. गणित सुटत नसेल आणि मूल नुसतं बघत बसलं, तर मिनिटभराने पडद्यावर येतं, 'टेक युवर टाइम.' सूचीप्रमाणे 'तुमचा वेळ घ्या'. मला पटत नाही. 'घाई नाही' लिहिलं, तर म्हणाले वाक्य नकारार्थी नको, मुलांना धीर वाटला पाहिजे. उद्या दुपारपर्यंत द्यायचंय.

उंटावरचा_शहाणा

'निवांत'.

मांडवीकाठ

गोव्यातून याला दुसरं काय सुचणार? 'सुशेगाद'!

डाळिंबवाला

'दमानं घे.' बघा, घेणे पण आलं, तपासणारा खूश.

शब्दहमाल (धागाकर्ती)

'दमानं घे' मला फार आवडलंय. पण सगळीकडे अहो-जाहो ठेवायचं असं ठरलंय आणि भाषा प्रमाण हवी. 'दमाने घ्या' केलं की त्यातला जीवच जातो.

निवृत्त_बाई

पंगतीत पानं वाढून झाली की यजमान हात जोडून फिरतो, तेव्हा काय म्हणतो? 'सावकाश होऊ द्या.' त्यात वेळ नाही, घेणं नाही, नकारही नाही. वर्गात एखादं पोर गणितापाशी अडून पेन्सिल चावत बसलं की मी त्याच्या बाकाजवळून जाताना तेवढंच म्हणायचे. लिहून टाका.

शब्दहमाल (धागाकर्ती)

घेतलं, बाई.